सकाळचं पहिलं मिनिट

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फिरते, स्टार्टर इंजिनाला दोन-चार गिरक्या देतो, इंजिन पेटतं आणि त्याच क्षणी बॉनेटखालून एक तीव्र, कान फाडणारी किंचाळी उठते. वीस-तीस सेकंदांत तिची धार कमी होते आणि मिनिटभरात ती पुरती थांबते. मग दिवसभर गाडी कितीही वेळा बंद-चालू केली तरी आवाज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. गाडी गॅरेजमध्ये पोचते तेव्हा दहा वाजलेले असतात, इंजिन तापलेलं असतं. मेकॅनिकला काहीच ऐकू येत नाही. ‘बेल्ट जुना झालाय, बदलून टाकू,’ हा सल्ला मिळतो, नवा बेल्ट बसतो, काही महिने शांततेत जातात आणि पुढच्या पावसाळ्यात तीच किंचाळी परत येते. या प्रकरणात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. ठरावीक वेळीच येणारा आवाज हा सतत येणाऱ्या आवाजापेक्षा शोधायला सोपा असतो, कारण तो कोणत्या परिस्थितीत येतो आणि कोणत्या परिस्थितीत जातो हाच त्याच्या कारणाचा माग असतो. न तपासता बेल्ट बदलणारा माणूस तो मागच पुसून टाकतो.

आधी हा बेल्ट करतो काय ते पाहू. इंजिनाच्या एका टोकाला क्रँकशाफ्टवर एक पुली असते. तिच्यावरून निघालेला रबरी पट्टा वीज बनवणारा अल्टरनेटर फिरवतो, एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप आणि पॉवर स्टिअरिंगचा पंपही फिरवतो. आपल्याकडे अजूनही त्याला सर्रास ‘फॅन बेल्ट’ म्हणतात, कारण अँबॅसिडरच्या काळात रेडिएटरचा पंखा त्यावरच फिरत असे. आता पंखा विजेवर चालतो, नाव मात्र टिकून आहे. जुना बेल्ट इंग्रजी व्ही अक्षरासारख्या काटछेदाचा होता. आजच्या बहुतेक गाड्यांत चपटा, आतल्या बाजूला चार ते सात उभे कंगोरे असलेला पट्टा असतो आणि ते कंगोरे पुलीच्या खाचांत बसतात. तो ताणून धरायला स्प्रिंगचा टेन्शनर असतो, वळण द्यायला मोकळी फिरणारी आयडलर पुली असते. या साऱ्या रचनेत दाते कुठेच नाहीत. इंजिनाची ताकद अल्टरनेटरपर्यंत पोचते ती केवळ रबर आणि धातू यांच्यातल्या घर्षणावर. घर्षण पुरलं तर बेल्ट गप्प असतो, अपुरं पडलं तर तो बोलतो.

तो बोलतो कसा, हे खडू आणि फळा यांवरून कळतं. खडू विशिष्ट कोनात धरला की किरकिरतो, कारण तो सलग सरकत नाही. क्षणभर फळ्याला धरतो, ताण वाढला की निसटतो, पुन्हा धरतो. व्हायोलिनचा गज तारेला असाच धरतो आणि सोडतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं होतं. बेल्ट पुलीवर घसरू लागला की हेच धरणं-निसटणं सेकंदाला शेकडो वेळा घडतं, बेल्टचा ताणलेला भाग तारेसारखा थरथरतो आणि आपल्याला किंचाळी ऐकू येते. यात एक मेख आहे. पूर्ण कोरडा पृष्ठभाग घट्ट धरतो, तर ओघळणाऱ्या पाण्यात बेल्ट कधी कधी आवाज न करता सरकतो. सगळ्यांत वाईट अवस्था मधली, म्हणजे जेमतेम ओलसरपणाची. दवाचा पातळ थर पकड कमी करतो, पण ती पूर्ण जाऊही देत नाही, आणि धरण्या-निसटण्याला नेमकं हेच हवं असतं.

आता ‘थंड’ या शब्दाकडे वळू, कारण घोटाळा तिथेच होतो. ‘थंडीत रबर कडक होतं म्हणून बेल्ट वाजतो’ हे स्पष्टीकरण सर्वत्र ऐकू येतं. ज्या देशांत पारा शून्याखाली वीस अंशांवर उतरतो तिथे त्यात तथ्य आहे. पण महाराष्ट्रात थंडीसाठी नावाजलेल्या निफाडलाही कडाक्याच्या दिवसांत पारा पाच-सहा अंशांच्या आसपास असतो. आजचे बेल्ट ज्या ईपीडीएम रबराचे बनतात ते शून्याखाली तीस-चाळीस अंशांपर्यंत लवचीक राहतं. त्याला पुण्याची डिसेंबरमधली सकाळ म्हणजे काहीच नव्हे. शिवाय हाच आवाज मुंबईत आणि कोकणात जुलै महिन्यातही येतो, जेव्हा पहाटेसुद्धा पंचवीस अंश तापमान असतं. तेव्हा आपल्या हवामानात ‘थंड इंजिन’ याचा खरा अर्थ ‘बराच वेळ उभं असलेलं इंजिन’ असा घ्यायला हवा. रात्रभर उभ्या गाडीत दोन मोठे बदल होतात. पुली आणि बेल्ट यांवर ओल धरते, आणि स्टार्टर फिरवताना बॅटरीतून गेलेला विजेचा साठा पहिल्या काही क्षणांत भरून काढायचं काम अल्टरनेटरवर येऊन पडतं. टेन्शनरच्या सांध्यातलं आणि बेअरिंगमधलं वंगण घट्ट होणं हा तिसरा बदल, पण तो या दोहोंच्या मानाने किरकोळ.

यातला विजेचा भाग किती मोठा आहे ते आकड्यांत पाहण्याजोगं आहे. इंजिन सुरू होताना स्टार्टर सुमारे 150 ते 200 अँपिअर ओढतो. इंजिन पेटल्यावर समजा अल्टरनेटर 14 व्होल्टला 60 अँपिअर देऊ लागला, तर ती झाली 840 वॅट वीज. अल्टरनेटरची कार्यक्षमता साठ टक्के धरली तर त्याला फिरवायला 1,400 वॅट, म्हणजे जवळजवळ दोन अश्वशक्ती लागतात. ही सगळी ताकद अल्टरनेटरच्या जेमतेम साडेपाच सेंटीमीटर व्यासाच्या पुलीवरून द्यायची असते. पुली मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर बेल्टला तिथे सुमारे सोळा किलोच्या ओढीने खेचावं लागतं. म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेल्या मोठ्या बादलीएवढं वजन, मुठीएवढ्या, दाते नसलेल्या चाकावर, निव्वळ घर्षणाने पेलायचं. त्यात भर म्हणजे स्टार्टरच्या संथ गतीवरून इंजिन सेकंदाच्या आत हजाराच्या वर फेऱ्यांवर जातं आणि अल्टरनेटरची जड फिरकी त्याच्या दोन-तीन पट वेगाने पळायला लागते. तिचं जडत्व बेल्टला मागे ओढतं. इंजिन सुरू होताना एखादाच ‘चिर्र’ ऐकू येऊन थांबतो तो बहुधा या जडत्वाचा, आणि अर्धा मिनिट, मिनिटभर टिकणारी किंचाळी बहुधा विजेच्या भाराची. आवाज किती वेळ टिकतो हे घड्याळ लावून पाहिलं, तर तपासाची पहिली पायरी तिथेच पार पडते.

मग काही गाड्याच का वाजतात? याचं उत्तर लिओनार्ड ऑयलरच्या अठराव्या शतकातल्या गणितात आहे. वेटोळं घातलेला दोर किंवा पट्टा किती ओढ पेलू शकतो, हे घर्षण आणि वेढ्याचा कोन यांच्या गुणाकारावर घातांकाने अवलंबून असतं, म्हणजे सरळ प्रमाणात न वाढता झपाट्याने वाढतं आणि तसंच झपाट्याने कोसळतं. समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. बेल्ट पुलीला अर्धा वेढा घालतो आणि कोरड्या अवस्थेत घर्षणाचा गुणांक 1 आहे असं धरलं, तर ताणलेल्या बाजूचा ताण सैल बाजूच्या ताणाच्या तेवीस पट होईपर्यंत बेल्ट घसरत नाही. दवाने घर्षण निम्मं केलं की तेविसाचे निम्मे होत नाहीत, पाचाहूनही कमी उरतात. आता टेन्शनर थकला आहे आणि सैल बाजूला आठ किलोऐवजी चारच किलोचा ताण देतो आहे असं समजा. कोरड्या दुपारी हा थकलेला टेन्शनरही अठ्ठ्याऐंशी किलोची ओढ सांभाळू शकतो. गरज सोळाची, म्हणून सारं आलबेल. ओलसर सकाळी चांगला टेन्शनर तीस किलो सांभाळतो, तोही सुरक्षित. पण थकलेला टेन्शनर आणि ओलसर सकाळ एकत्र आले की क्षमता पंधरावर येते. गरज सोळाची, क्षमता पंधराची, आणि बेल्ट किंचाळतो. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत, प्रत्येक गाडीचे वेगळे असतील. पण त्यांतून दिसणारी गोष्ट प्रत्येक गाडीला लागू आहे. सकाळचा आवाज सहसा एका मोठ्या बिघाडाचा नसतो. दोन-तीन अर्धवट दुबळेपणा एकाच वेळी भेटतात तेव्हा तो येतो, आणि त्यांतला एक जरी बाजूला झाला तरी तो थांबतो.

म्हणूनच नवा बेल्ट बसवल्यावर आवाज गेला याने काहीच सिद्ध होत नाही. नव्या रबराची पकड चांगली, कंगोरे भरदार, म्हणून घर्षणाची बाजू वर जाते आणि दुबळा टेन्शनर किंवा अर्धवट उतरलेली बॅटरी त्याआड झाकली जाते. शिवाय बेल्ट बदलताना मेकॅनिक पुल्या पुसतो, जुन्या पद्धतीची गाडी असेल तर अल्टरनेटर बाहेरच्या बाजूला ओढून ताण नव्याने बसवतो. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या, मग गुण कुणाचा? काही महिन्यांत रबर गुळगुळीत झालं की हिशेब पुन्हा पंधरा-सोळावर येतो. तपासाचा नियम असा असावा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आवाजात काय फरक पडतो ते पाहायचं. यासाठी लागणारी साधनं घरातलीच आहेत.

पहिली पायरी कानाची. सलग, उंच पट्टीतली किंचाळी म्हणजे घसरण. ‘चिव-चिव-चिव’ असा तुटक, इंजिनाच्या वेगाबरोबर जलद होणारा आवाज म्हणजे बहुधा पुल्या एका रेषेत नसणं, कारण वाकडा शिरणारा कंगोरा खाचेच्या कडेला घासत आत उतरतो. यात फार वाकडेपणा लागतही नाही. दोन पुल्यांमध्ये पंधरा सेंटीमीटर अंतर असेल तर अर्ध्या अंशाचा कल म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर, डोळ्यांना सहज न दिसणारा. खरखर किंवा घरघर असेल तर संशय बेअरिंगवर. दुसरी पायरी पाण्याची. इंजिन चालू असताना, आवाज येत असतानाच, झाडांवर पाणी मारायच्या स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या कंगोऱ्यांच्या बाजूवर लांबून बारीक फवारा मारायचा. आवाज वाढला तर बेल्ट घसरतो आहे, म्हणजे ताण कमी किंवा भार जास्त. आवाज गेला आणि पाणी सुकल्यावर परतला तर पुल्यांची रेषा तपासायची. काहीच फरक पडला नाही तर आवाज बेल्टचा नव्हेच. हे करताना ओढणी, पदर, सैल बाही, मोकळे केस फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवायचे आणि हात इंजिनाच्या आत घालायचा नाही. बोट गमावायला एक क्षण पुरतो.

घसरण आहे हे ठरल्यावर ओल आणि भार यांना वेगळं करायचं. त्यासाठी गाडी कोरड्या दिवशी सकाळी वापरून मग आठ-नऊ तास उन्हात उभी ठेवावी आणि संध्याकाळी सुरू करावी. इंजिन पुष्कळ निवलेलं, बॅटरीला स्टार्टरचा झटका तसाच, पण दव नाही. आवाज आला तर ओल निर्दोष आहे. आला नाही तर त्याच शांत बेल्टवर फवारा मारून हेडलाइट, एसीचा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावून पाहावं. किंचाळी उठली तर ओलीबरोबर ताणही अपुरा आहे. उलट बाजूने, बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवून चार्जर काढल्यावर सकाळी गाडी सुरू केली आणि आवाज आला नाही, तर मूळ बॅटरीत आहे. याला पूरक हिशेब असा. 200 अँपिअर एक सेकंद ओढले तर तेवढी वीज तीस अँपिअरच्या दराने सातेक सेकंदांत परत भरते, नुकसान धरून थोडा अधिक वेळ. म्हणजे बॅटरी निरोगी असेल तर हा भार लवकर उतरायला हवा. किंचाळी मिनिटभर टिकत असेल तर बॅटरी आदल्या रात्रीच अर्धवट रिकामी होती, अशी दाट शंका घ्यावी. डिझेल गाडीत मात्र ग्लो प्लग सुरुवातीनंतरही काही वेळ वीज खातात, ते लक्षात ठेवावं. साध्या मल्टिमीटरने उभ्या गाडीत बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनात साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. इथे दुष्टचक्रही संभवतं. बेल्ट घसरतो म्हणून अल्टरनेटर कमी वीज देतो, बॅटरी अर्धी राहते, दुसऱ्या सकाळी भार अधिक पडतो आणि बेल्ट अधिक घसरतो. कारण आणि परिणाम इथे एकमेकांना पोसतात, म्हणून दोन्ही टोकं तपासावी लागतात.

त्यानंतर बॉनेटखाली टॉर्च घेऊन पाहायचं. इंजिन मंद चालत असताना टेन्शनरचा हात जवळजवळ स्थिर दिसायला हवा. तो सतत थडथडत असेल तर त्याची स्प्रिंग किंवा आतला थरथर रोखणारा भाग थकला आहे. कित्येक टेन्शनरवर एक खूण असते आणि ती ठरलेल्या पट्ट्यातच राहायला हवी. काही आधुनिक अल्टरनेटरच्या पुलीत एकाच दिशेने पकडणारी यंत्रणा असते, जडत्वाचा झटका सोसण्यासाठी. ती जाम झाली तर अल्टरनेटरची फिरकी बेल्टला हिसके देत राहते आणि टेन्शनर निष्कारण बदलला जातो. कूलंटची किंवा तेलाची गळती बेल्टवर पडत असेल तर आवाज त्या डागाचा असतो, तेव्हा नवा बेल्टही तिथेच माखणार. शेवटी, इंजिन बंद करून बेल्ट उतरवला की प्रत्येक पुली बोटाने फिरवून पाहता येते. ती गुळगुळीत फिरली पाहिजे, खरखरता कामा नये, डगमगता कामा नये. मेकॅनिक बेल्टशिवाय इंजिन काही सेकंद चालवूनही पाहतात. आवाज तरीही आला तर तो बेल्टच्या कुटुंबातला नाही. पण पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल तर त्या काळात इंजिनात पाणी फिरत नाही, म्हणून ही चाचणी थंड इंजिनावर आणि अगदी थोडा वेळच.

यावर काही रास्त आक्षेप आहेत. पहिला, बेल्ट टेन्शनरच्या मानाने स्वस्त असतो, मग आधी तोच बदलून पाहण्यात काय वाईट? बेल्टचं वय झालं असेल तर काहीच वाईट नाही, तो बदलावाच. चूक बदलण्यात नाही, बदलल्यावर तपास संपला असं मानण्यात आहे. दुसरा आक्षेप, बेल्टला एकही भेग नाही, मग तो खराब कसा? हा जुन्या काळचा निकष आहे. पूर्वीचं निओप्रीन रबर म्हातारं झालं की आडव्या भेगा दाखवत असे. ईपीडीएमला सहसा भेगा पडत नाहीत. त्याचे कंगोरे टायरसारखे झिजतात, खाचा रुंद होतात, पुली खाचेच्या तळाला टेकते आणि पकड जाते. म्हणून आता भेगा मोजण्यापेक्षा खाचेची खोली पाहायला हवी. तिसरा आक्षेप, साबण, मेण किंवा स्प्रे मारला की आवाज जातो, मग खटाटोप कशाला? जातो खरा, पण हे उपाय धरण्या-निसटण्याचा स्वभाव बदलतात, पंधरा-सोळाचा हिशेब बदलत नाहीत. उलट चिकट थरावर आपल्या रस्त्यांवरची धूळ बसते आणि ती रबर आणि पुली दोन्ही खाते. चौथा आणि सगळ्यांत मोहक आक्षेप, एका मिनिटात जाणारा आवाज सोसला तर बिघडलं कुठे? बिघडतं, कारण घसरणारा बेल्ट तापतो, गुळगुळीत होतो आणि अधिक घसरतो. ज्या गाडीत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर आहे तिचा बेल्ट कसारा घाटात तुटला, तर एकदम बॅटरीचा लाल दिवा लागतो, स्टिअरिंग जड होऊ शकतं आणि इंजिन तापू लागतं. ती वेळ येण्याआधी सकाळची किंचाळी कित्येक आठवडे तेच सांगत असते.

एक अडचण खरी आहे. सकाळचा आवाज दुपारी गॅरेजमध्ये ऐकवता येत नाही. तिच्यावरचा उपाय साधा असून तो क्वचितच केला जातो. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवायची आणि सकाळी मेकॅनिकनेच ती पहिल्यांदा सुरू करायची. सोबत एक चिठ्ठी द्यायची. आवाज किती सेकंद टिकतो, सलग की तुटक, कोरड्या संध्याकाळी येतो की नाही, हेडलाइट लावल्यावर वाढतो का, फवाऱ्याने वाढतो की जातो, बॅटरीचे व्होल्ट किती. या सहा ओळी हातात असलेला मेकॅनिक पहिल्याच सकाळी टेन्शनर, बॅटरी की पुली यांपैकी एकाकडे वळतो. त्या नसतील तर त्याच्यासमोर फक्त शांत इंजिन असतं, आणि शांत इंजिनासमोर उभ्या असलेल्या कुणालाही बेल्ट बदलणं हेच सुचणार.